अमेरिकेतला प्रॉपर्टी टॅक्स: पहिलं घर घेणाऱ्यांनी फेडरल रिटर्नमध्ये वजावट कशी मोजावी

अमेरिकेत घर घ्यायचं म्हटलं की आपल्याकडचा प्रत्येक अनुभवी माणूस एक वाक्य हमखास ऐकवतो. "अरे, भाडं कसलं भरतोस? घर घे, प्रॉपर्टी टॅक्स टॅक्समधून वजा होतो." आम्हीही ते ऐकलं, मान डोलावली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये न्यू जर्सीत घर घेतलं. फेब्रुवारीत क्लोजिंगच्या (घर नावावर होतानाच्या व्यवहाराच्या) कागदांचा मोठ्या काळ्या क्लिपने धरलेला गठ्ठा घेऊन जेवणाच्या टेबलावर रिटर्न भरायला बसलो. दोन तास आकडे टाकले. शेवटी सॉफ्टवेअरने सांगितलं की तुम्ही स्टँडर्ड डिडक्शन (सगळ्यांना मिळणारी ठरावीक वजावट) घ्या, तेच जास्त आहे. म्हणजे त्या वर्षी भरलेल्या प्रॉपर्टी टॅक्समुळे आमचा फेडरल टॅक्स एका डॉलरनेही कमी झाला नाही.

नियम चुकला नव्हता, आमची समजूत चुकली होती. तुमची चुकू नये म्हणून हा हिशेब ज्या क्रमाने करावा त्या क्रमाने लिहितो आहे.

१. आधी बघा, त्या वर्षी तुम्ही टॅक्ससाठी रेसिडेंट होता का

याचा व्हिसाच्या शिक्क्याशी थेट संबंध नाही, दिवस मोजायचे असतात. चालू वर्षात निदान ३१ दिवस इथे असायला हवेत. शिवाय चालू वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षीचे एकतृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षीचे एकषष्ठांश मिळून १८३ भरायला हवेत. एफ-१ या स्टुडंट व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्यांचे दिवस साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं धरलेच जात नाहीत.

नॉनरेसिडेंट असाल तर फॉर्म १०४०-एनआर भरावा लागतो आणि त्यात राहत्या घराच्या प्रॉपर्टी टॅक्सची वजावट नसते, विषय तिथेच संपला. वर्षाच्या मध्यात इथे आला असाल आणि अर्धं वर्ष नॉनरेसिडेंट, अर्धं रेसिडेंट असं झालं असेल, तर त्या एका वर्षापुरते सीपीएला, म्हणजे इथल्या सीएला, पैसे द्या. ते वाचवण्यात शहाणपणा नाही. इथून पुढचं सगळं पूर्ण वर्ष रेसिडेंट असलेल्यांसाठी.

२. दोन वाटा, आणि त्यातली एकच धरायची

भारतात जुन्या पद्धतीत ८०सी, ८०डी, घरकर्जाचं व्याज असं एकेक कलम जोडत जायची सवय असते. शिवाय पगारदाराला स्टँडर्ड डिडक्शन मिळतं ते वेगळंच. इथे तसं नाही. इथे स्टँडर्ड डिडक्शन घ्या, नाहीतर एकेक खर्च मोजून आयटमाइज करा. दोन्हीतलं जे जास्त भरेल ते.

२०२५ साठी स्टँडर्ड डिडक्शन एकट्याला १५,७५० डॉलर आणि नवरा-बायकोच्या एकत्र रिटर्नला ३१,५०० डॉलर आहे. २०२६ साठी हेच आकडे १६,१०० आणि ३२,२०० आहेत. हे कुठलीही पावती न दाखवता मिळतं. त्यामुळे प्रॉपर्टी टॅक्स, स्टेट इन्कम टॅक्स, मॉर्गेजचं (घरकर्जाचं) व्याज आणि देणग्या यांची बेरीज या आकड्याच्या जेवढी वर जाईल, तेवढ्याच वरच्या भागाचा तुम्हाला खरा फायदा. खालचा भाग घर न घेताही मिळालाच असता.

घर विकणारा एजंट हे सांगत नाही. त्याने सांगावं अशी अपेक्षाही नाही.

बेरजेतल्या देणग्यांबद्दल एक सूचना. मराठी मंडळाची किंवा देवळाची देणगी धरायची तर ती संस्था इथे करमुक्त धर्मादाय म्हणून नोंदलेली हवी. गावाकडच्या ट्रस्टला थेट पाठवलेले पैसे इथे मोजले जात नाहीत.

३. टॅक्सचं बिल उघडा आणि ओळ न् ओळ वाचा

इथली घरपट्टी एका महापालिकेची नसते. न्यू जर्सीतलं बिल पाहिलंत तर काउंटी, टाउनशिप आणि शाळा असे वाटे दिसतात आणि बहुतेक गावांत सगळ्यात मोठा वाटा शाळांचा असतो. चांगल्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या नादाने आपण घर घेतो, त्याची किंमत या ओळीत असते. राज्यातलं सरासरी बिल २०२४ मध्ये दहा हजार डॉलरच्या वर गेलं.

वजावटीला चालतो तो घराच्या किमतीवर आकारलेला कर, जो त्या भागातल्या सगळ्यांना एकाच दराने लागतो आणि सार्वजनिक कामांसाठी असतो. त्याच बिलावर कचरा, पाणी किंवा सांडपाण्याचं शुल्क असेल तर ते काढून टाका. तुमच्या गल्लीत फुटपाथ किंवा गटार बांधल्याबद्दल खास आकारणी आली असेल तर तीही वजा होत नाही, ती घराच्या मूळ किमतीत मिळवून ठेवायची आणि पुढे घर विकताना उपयोगी पडते. एचओएची (वसाहतीतल्या घरमालक संघाची) फी प्रॉपर्टी टॅक्स नाही, मग ती दरमहा पाचशे डॉलर का असेना. क्लोजिंगच्या वेळी भरलेला ट्रान्सफर टॅक्स आणि टायटल इन्शुरन्स (मालकी हक्काचा विमा) यांचंही तेच. कॅलिफोर्नियातल्या नव्या वसाहतींत बिलावर मेलो-रूस नावाची आकारणी असते. ती घराच्या किमतीवर आधारलेली नसते, त्यामुळे सहसा ती बेरजेत धरता येत नाही.

आता एस्क्रो. तुमच्या महिन्याच्या हप्त्यात मुद्दल आणि व्याजाबरोबर टॅक्स आणि इन्शुरन्सचा भाग असतो. तो कर्ज देणाऱ्या कंपनीकडे साठतो आणि बिलाच्या तारखेला कंपनी तो भरते. वजावट कंपनीने गावाला भरलेल्या रकमेची, तुम्ही एस्क्रोत टाकलेल्या रकमेची नाही. या दोन आकड्यांत सहज हजार-दीड हजारांचा फरक पडतो. जानेवारीत कर्ज कंपनीकडून फॉर्म १०९८ (वर्षभरात भरलेल्या व्याजाचा दाखला) येतो, त्याच्या बॉक्स १० मध्ये कधी कधी भरलेला टॅक्स छापलेला असतो, पण तो बॉक्स रिकामा ठेवला तरी कंपनीची चूक धरली जात नाही. मग वार्षिक एस्क्रो स्टेटमेंट काढा किंवा टाउनशिपच्या टॅक्स कलेक्टरची नोंद तपासा. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात भरलेले हप्ते तेवढे घ्या. इथे आर्थिक वर्ष मार्चला संपत नाही, हे पहिली दोन वर्षं स्वतःला बजावत राहावं लागतं.

नवीन बांधलेलं घर असेल तर आणखी एक गंमत, म्हणजे तेव्हा गंमत वाटत नाही. सुरुवातीला आकारणी नुसत्या जमिनीवर असते, त्यामुळे एस्क्रोही त्याच हिशेबाने कमी धरला जातो. मग घराची पूर्ण आकारणी होते, वाढीव बिल येतं आणि हप्ता एकदम तीन-चारशे डॉलरने वाढतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला वाटलं की कर्जाचा व्याजदरच वाढला. कॅलिफोर्नियात घराची मालकी बदलली की सप्लिमेंटल बिल येतं, आणि ते बऱ्याचदा एस्क्रोला न जाता थेट घरमालकाच्या पत्त्यावर येतं. पत्रपेटीतला तो लिफाफा जाहिरात समजून टाकू नका.

४. खरेदीच्या वर्षी तारखेने वाटणी करा

ज्या दिवशी घर तुमच्या नावावर झालं, त्या दिवसापासूनचा टॅक्स तुमचा, आदल्या दिवसापर्यंतचा विकणाऱ्याचा. चेक कोणी लिहिला याने फरक पडत नाही.

आमचंच उदाहरण घ्या. क्लोजिंग २० सप्टेंबरला होतं. विकणाऱ्याने ३० सप्टेंबरपर्यंतचा तिमाही हप्ता आधीच भरला होता, म्हणून २० ते ३० या ११ दिवसांचा टॅक्स आमच्याकडून घेऊन त्याला दिला गेला. वर्षाचा टॅक्स १०,९५० डॉलर, म्हणजे दिवसाला ३०, म्हणजे ३३० डॉलर. ही ओळ क्लोजिंगच्या हिशेबपत्रकात मधेच कुठेतरी दडलेली असते. टाउनशिपच्या नोंदीत ती तुमच्या नावावर दिसणार नाही, फॉर्म १०९८ वरही दिसणार नाही. पण ती तुमची वजावट आहे. तिच्यात १ नोव्हेंबरचा हप्ता २,७३७ मिळवला की झाले ३,०६७ डॉलर.

स्टेट इन्कम टॅक्स साडेसात हजार कापला गेला होता. दोन्ही मिळून साडेदहा हजारांच्या जरा वर, पण तेव्हाची मर्यादा १०,००० होती, तीच धरली. मॉर्गेजचं व्याज जेमतेम तीन महिन्यांचं. एकूण १४ हजारांच्या आत, आणि २०१९ चं जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन होतं २४,४००. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत घर घेणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. त्यात हळहळण्यासारखं काही नाही, फक्त त्या वर्षीच्या परताव्यावर सोफा घ्यायचा बेत करू नका.

५. सॉल्टची मर्यादा: २०१७ आणि २०२५ चे बदल

सॉल्ट म्हणजे स्टेट अँड लोकल टॅक्सेसची आद्याक्षरं. राज्याला आणि गावाला भरलेला कर फेडरल उत्पन्नातून वजा करण्याची सोय १९१३ च्या आयकर कायद्यापासून होती. २०१७ पर्यंत तिला वरची मर्यादा नव्हती, फक्त आल्टर्नेटिव्ह मिनिमम टॅक्स (किमान कराचा वेगळा, समांतर हिशेब) लागणाऱ्यांना ती मिळत नसे. आजही त्या हिशेबात ती मिळत नाही. कंपनीचे आयएसओ प्रकारचे स्टॉक ऑप्शन (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) वापरलेत तर हा टॅक्स लागू शकतो, हे लक्षात असू द्या.

२२ डिसेंबर २०१७ ला टॅक्स कट्स अँड जॉब्स कायद्यावर सही झाली. २०१८ पासून सॉल्टला १०,००० डॉलरची मर्यादा आली आणि जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन १२,७०० वरून २४,००० झालं. त्या नाताळच्या आठवड्यात न्यू यॉर्क, न्यू जर्सीकडच्या टाउन हॉलबाहेर लोक थंडीत रांगा लावून उभे होते, पुढच्या वर्षीचा प्रॉपर्टी टॅक्स मर्यादा लागू होण्याआधी भरून टाकायला. मग २७ डिसेंबरला आयआरएसने (फेडरल कर खात्याने) खुलासा काढला की टॅक्सची आकारणी २०१७ मध्येच झालेली असेल आणि तो त्याच वर्षी भरला असेल तरच वजावट मिळेल. अंदाजाने आगाऊ भरून चालणार नाही. तो नियम आजही तसाच आहे.

४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने मर्यादा वाढवली. २०२५ साठी ती ४०,००० डॉलर, २०२६ साठी ४०,४००, पुढे २०२९ पर्यंत दरवर्षी १ टक्का वाढ आणि २०३० ला पुन्हा १०,०००. तीस वर्षांचं कर्ज घेताना या ४०,००० च्या भरवशावर गणित मांडू नका, कारण तुमच्या कर्जाची बहुतेक वर्षं २०३० च्या पलीकडची आहेत.

यातल्या दोन खाचा बघा. एकट्यालाही ४०,००० आणि जोडप्यालाही ४०,०००. वेगवेगळे रिटर्न भरले तर प्रत्येकी निम्मी मर्यादा, म्हणजे तो डाव चालत नाही. दुसरं, २०२५ मध्ये सुधारित उत्पन्न ५ लाख डॉलरच्या वर गेलं की वरच्या रकमेच्या ३० टक्के मर्यादेतून कापले जातात. उत्पन्न साडेपाच लाख असेल तर मर्यादा ४०,००० वजा १५,०००, म्हणजे २५,००० उरते. सहा लाखांना ती पुन्हा १०,००० वर येते, त्याखाली मात्र जात नाही. दोघेही डॉक्टर किंवा दोघेही मोठ्या टेक कंपनीत असतील तर आरएसयू (कंपनीने पगाराचा भाग म्हणून दिलेले शेअर) विकायच्या वर्षी हे आधी तपासा.

६. आता मांडा गणित

समजा न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं एक जोडपं आहे, २०२५ चं एकत्र उत्पन्न २,१०,००० डॉलर. घर घेऊन दोन वर्षं झालीत, म्हणजे पूर्ण वर्षाचा हिशेब.

प्रॉपर्टी टॅक्स ११,५००. स्टेट इन्कम टॅक्स ९,०००, तो डब्ल्यू-२ च्या (नोकरीतून मिळणाऱ्या वार्षिक पगाराच्या दाखल्याच्या) बॉक्स १७ मध्ये सापडतो. न्यू जर्सीत पगारातून सक्तीने कापलेली बेरोजगारी आणि अपंगत्व निधीची छोटी रक्कम बॉक्स १४ मध्ये असते, तीही यात मिळवता येते, पण इथे सोडून देऊ. सॉल्ट झाला २०,५००. मॉर्गेजचं व्याज ३१,०००, देणग्या १,०००. एकूण ५२,५००.

स्टँडर्ड डिडक्शन ३१,५००. फरक २१,०००. ते २२ टक्क्यांच्या टप्प्यात आहेत, म्हणून घरामुळे वाचलेला टॅक्स ४,६२० डॉलर. जुनी १०,००० ची मर्यादा असती तर बेरीज ४२,००० झाली असती आणि बचत २,३१०. म्हणजे नव्या कायद्याने या जोडप्याच्या खिशात २,३१० डॉलर जास्त राहिले. छानच, पण त्यांनी प्रॉपर्टी टॅक्स आणि व्याज मिळून ४२,५०० डॉलर भरले आहेत हे विसरू नका. "टॅक्स वाचतो" म्हणून घर घेणं म्हणजे सवलतीचं कूपन आहे म्हणून न लागणारी वस्तू आणण्यासारखं आहे. घर राहायला घ्या.

कर्ज साडेसात लाखांपेक्षा मोठं असेल तर सगळं व्याज धरता येत नाही. १५ डिसेंबर २०१७ नंतरच्या कर्जांना ७,५०,००० डॉलरपर्यंतच्या मुद्दलावरचंच व्याज चालतं, आणि २०२५ च्या कायद्याने ती मर्यादा कायमची केली. बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) मंडळींना हे लगेच लागतं. डाउन पेमेंट २० टक्क्यांपेक्षा कमी असल्यामुळे पीएमआय (कर्ज बुडालं तर देणाऱ्या कंपनीला संरक्षण देणारा विमा) भरत असाल तर २०२६ पासून त्याची वजावट परत आली आहे, पण उत्पन्न १ लाख डॉलरच्या वर गेलं की ती झपाट्याने आटते.

७. टेक्सासवाल्यांनी जानेवारी आणि डिसेंबर बघावा

टेक्सासमध्ये स्टेट इन्कम टॅक्स नाही, त्याची भरपाई प्रॉपर्टी टॅक्स करतो. अशा राज्यांत स्टेट इन्कम टॅक्सऐवजी सेल्स टॅक्स धरता येतो. पावत्या जपल्या नसतील तर आयआरएसच्या तक्त्यातला आकडा चालतो. दोन्हीपैकी एकच घ्यायचा.

तिथलं बिल साधारण ऑक्टोबरमध्ये येतं आणि ३१ जानेवारीपर्यंत भरायचं असतं. त्यामुळे एक युक्ती करता येते. या वर्षीचं बिल पुढच्या जानेवारीत भरा आणि त्या पुढच्या वर्षीचं बिल त्याच वर्षाच्या डिसेंबरात. दोन बिलं एका कॅलेंडर वर्षात येतात, त्या वर्षी आयटमाइज करा आणि आदल्या वर्षी स्टँडर्ड घ्या. दोन्ही बिलांची आकारणी झालेली असल्याने २०१७ चा तो खुलासा आड येत नाही. एस्क्रो असेल तर तारीख तुमच्या हातात नसते, आधी कंपनीशी बोला. कॅलिफोर्नियात दुसरा हप्ता १० एप्रिलपर्यंत भरता येतो, तो हवा तर डिसेंबरातच भरून त्या वर्षात घेता येतो.

टेक्सासमध्ये घर राहतं असेल तर होमस्टेड एक्झेम्प्शनचा अर्ज करायला विसरू नका. ही फेडरल वजावट नाही, मुळातलं बिलच कमी होतं. असली सूट कधीही वजावटीपेक्षा भारी, कारण वाचलेला डॉलर पूर्ण तुमचा. २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर वजा झालेल्या डॉलरातले २२ सेंट तेवढे तुमचे.

८. पुण्यातल्या फ्लॅटची घरपट्टी

हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतंच. पुणे महापालिकेला भरलेला मिळकतकर इथे शेड्यूल ए (आयटमाइज केलेल्या वजावटींचा तक्ता) वर दाखवता येतो का? २०१७ पर्यंत येत असे. २०१८ पासून परदेशातल्या खाजगी वापराच्या घराच्या टॅक्सची वजावट बंद झाली, आणि २०२५ च्या कायद्यानेही ती परत आणली नाही.

फ्लॅट भाड्याने दिला असेल तर गोष्ट वेगळी. ते भाडं इथल्या रिटर्नमध्ये शेड्यूल ई (भाड्याच्या उत्पन्नाचा तक्ता) वर दाखवावंच लागतं, आणि मग त्या भाड्यातून मिळकतकर खर्च म्हणून वजा होतो. तिथे सॉल्टची मर्यादा लागत नाही. इथलं जुनं घर भाड्याने देऊन दुसरं घेतलंत तर त्या जुन्या घराचा टॅक्सही असाच शेड्यूल ई वर जातो.

९. आकडे कुठे लिहायचे

शेड्यूल ए च्या ओळ ५ए वर स्टेट इन्कम टॅक्स किंवा सेल्स टॅक्स, ५बी वर प्रॉपर्टी टॅक्स, ५ई वर मर्यादा लावून आलेली रक्कम. ८ए वर १०९८ मधलं मॉर्गेजचं व्याज. गावाने त्याच वर्षी टॅक्सचा काही भाग परत केला असेल तर ५बी मधून तो आधी वजा करा.

फेडरलला स्टँडर्ड घेतलं म्हणून प्रॉपर्टी टॅक्सची पावती फेकू नका. न्यू जर्सीच्या राज्य रिटर्नमध्ये १५,००० डॉलरपर्यंतचा प्रॉपर्टी टॅक्स वेगळा वजा होतो, फेडरलला काहीही निवडलेलं असो. पहिल्या वर्षी आमचे ते ३,०६७ डॉलर तिथे तरी कामाला आले.

आणि एप्रिलच्या रिफंडची वाट बघत बसायचं नसेल तर ऑफिसात नवा डब्ल्यू-४ द्या, म्हणजे दर पगारातूनच कमी टॅक्स कापला जाईल. त्यात स्टेप ४(बी) मध्ये वजावटीचा आकडा लिहायचा असतो. तिथे एडिसनच्या जोडप्याने ५२,५०० नाही, २१,००० लिहायचे, आणि तेही दोघांपैकी एकाच्याच फॉर्मवर.